सत्तावीस नंबर

त्याला एका जागी उभं राहता येत नसे. वेल्डिंग संपलं की तो पाईपभोवती फेऱ्या मारायचा आणि खिशातले दोन पोलादी ठसे खुळखुळवत राहायचा. एक दोनाचा, एक साताचा. मला ते खुळखुळणं नकोसं व्हायचं. इराकच्या आक्रमणानंतर कुवेतमध्ये आम्ही तेलाच्या लाइनी नव्याने टाकत होतो, आणि प्रत्येक वेल्डरने आपल्या जॉइंटशेजारी आपला नंबर ठोकायचा असा नियम होता. फरवानिया वस्तीतल्या एका खोलीत आठ जणांत राहणारा हा मालवणचा माणूस सत्तावीस नंबर.

एकोणीस नंबर गोरा होता, फोरमनच्या गावचा. त्याचे जॉइंट एक्स-रेत नापास झाले की फोरमन ते यालाच कापून पुन्हा करायला लावायचा, आणि वर नंबर मात्र एकोणीसच ठोकून घ्यायचा. दोन वर्षं यानं ते मुकाट्यानं केलं. त्या दुपारी फोरमनने एकोणीसचे ठसे पुढे केले, तर यानं ते घेतलेच नाहीत. स्वतःचे काढून सत्तावीस ठोकला, नेहमीपेक्षा खोल.

फोरमन माझ्याकडे बघायला लागला. तपासणीच्या कागदावर सही माझी असायची.

"कशाला वाकड्यात शिरताय? व्हिसा त्यांच्या हातात आहे," मी त्याला हळूच म्हणालो.

"जॉइंट माझो, साहेब. नंबर माझोच," तो म्हणाला आणि पुन्हा फेऱ्या मारू लागला.

आठवड्याभरात त्याला मुंबईच्या विमानात बसवलं. तो पाईप आता वाळूखाली आहे. त्यावर सत्तावीसच आहे. माझ्या सहीच्या कागदावर एकोणीस.