कुलूपवाल्याची रिफ

कुलूपवाला हा गडी मुळातच संशयाच्या मातीचा. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या किल्ल्यांवरून किल्ल्या घासायच्या, हा त्याचा धंदा. कुठलंही दार किती सहज उघडतं हे ज्याला ठाऊक, त्याला सुखाची झोप कुठून येणार? बायको फोनवर बहिणीशी बोलताना हसली, तरी ह्याच्या मनात पाल चुकचुकायची, की ही आपल्यालाच हसतेय. बहुतेक वेळा ती त्यालाच हसत असायची, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर हेवी मेटलचा, म्हणजे त्या दणदणाटी गिटार-ड्रमच्या संगीताचा, नाद लागला. शेजारचा टायरवाला दुकान बंद केलं की मागच्या गोदामात ड्रम बडवायचा. त्याच्या जोडीला चष्म्याच्या दुकानातला एक लांबोडका माणूस बेस गिटार वाजवायचा, ती जाड तारांची, पोटात घुमणारी. कुलूपवाला तक्रार करायला म्हणून गेला आणि तिथंच टायरावर बसून राहिला. त्यांचा गिटारवाला नोकरी बदलून दुसरीकडं गेला होता. ह्यानं गिटार घेतली, शिकला, आणि बोटांना घट्टे पडल्यावर गोदामातल्या टोळक्यात भरती झाला.

आता दुसऱ्यांची गाणी वाजवणं वेगळं आणि स्वतःची रिफ बांधणं वेगळं. टायरवाल्यानं त्याला एका दमात समजावलं होतं, "रिफ म्हणजे काय, तर गाणं ज्याच्यावर उभं राहतं तो छोटा तुकडा. तोच पुन्हा पुन्हा यायचा आणि दर वेळी अंगावर यायचा. सूर थोडे ठेव, घाव नीट घाल."

कुलूपवाला घाव घालायचा, पण दोन घावांच्या मध्ये बोट शिरेल एवढीही फट ठेवायचा नाही. तळव्याची कड तारांवर दाबून धुगधुग धुगधुग सुरू झाला की थांबायचं नाव नाही.

"अरे, ही रिफ आहे का वरातीतला टेम्पो?" टायरवाला ओरडायचा. "माणसाला दम घ्यायला जागा सोड की!"

"जागा सोडली की कुणीतरी घुसतं," कुलूपवाला म्हणायचा. धंद्यातलं शहाणपण होतं ते.

तशात त्यांना एका सभागृहात वाजवायचं बोलावणं आलं. अट एकच, एक तरी गाणं स्वतःचं पाहिजे. कुलूपवाल्याची एक रिफ तयार होत होती, चष्मेवाल्याचीही एक होती. टायरवाला म्हणाला, "रविवारी दोन्ही ऐकतो. जी उभी राहील ती घेऊ."

झालं. कुलूपवाल्याला चष्मेवाल्याच्या साध्या खोकल्यातही डाव दिसायला लागला. हा आपली बोटं बघतो. डोळे मिटून ऐकतो, म्हणजे पाठच करत असणार. मग ह्यानं युक्ती काढली. गिटारच्या तारा सगळे लावतात तशा न लावता त्यानं आपल्या कानाला रुचतील तशा खाली उतरवल्या, कुठली किती ते कुणाला सांगितलं नाही. वाजवायला लागला की भिंतीकडं तोंड करायचा. गिटार गोदामातच राहायची, म्हणून निघताना सगळ्या तारा सैल सोडायचा. उद्या पुन्हा जुळवायच्या कशा? तर बारीक कानशीनं प्रत्येक खुंटीवर एक खूण कोरली होती. खूण जागेवर आली की तार सुरात. फोनवर रेकॉर्ड करणं, कागदावर उतरवणं, असला धोकाच नको. कुलपाची किल्ली जशी मापानं बनते, तशीच ही गिटारही मापानंच उघडते, असं वाटून तो स्वतःवर फार खूश होता.

रविवार तोंडावर आला आणि जाड तार तुटली. रोज ताणून, रोज सोडून तिचा जीव गेला होता. टायरवाल्याच्या सल्ल्यानं ह्यानं सगळ्याच तारा नव्या घातल्या. खुंट्या खुणेवर आणल्या आणि वाजवलं, तर गिटार म्हशीसारखी हंबरली. नवी तार खुंटीवर कमीजास्त गुंडाळली गेली, की जुन्या खुणेला काय अर्थ? कुलूप असतं तर चाललं असतं. ह्यानं तासभर खुंट्या पिळल्या. बोटं जायची तिथंच जात होती, पण रिफ काही त्यात सापडेना.

रविवारी हात हलवत उभं राहिलं, तर गाणं चष्मेवाल्याचं.

शेवटी चष्म्याच्या दुकानासमोरून दोनदा उगाच गेला आणि तिसऱ्यांदा आत शिरला.

"नंबर वाढला का?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"माझ्या तारा... तू कधी ऐकल्यास का? म्हणजे, कशा होत्या?"

चष्मेवाला पोट धरून हसला. "अरे बाबा, मी रोज तुझ्याशी मिळवून घेत होतो. नाहीतर वाजवलं कसं असतं? तू पाठ फिरवलीस, आवाज थोडाच पाठ फिरवतो!"

संध्याकाळी गोदामात त्यानं बेसवर एकेक सूर धरला आणि कुलूपवाल्यानं एकेक तार त्याला मिळवली. मग चष्मेवाल्यानं ती रिफ बेसवर सबंध वाजवून दाखवली. पण मधले दोन घाव नव्हते.

"दोन गाळलेस," कुलूपवाला लगेच म्हणाला.

"तिथं मी थांबतो. पहिल्यापासून थांबतोय. तुझ्या गडबडीत तुला कळलं नाही."

हा आपली रिफ बिघडवतोय, का आपल्या नावावर करून घेतोय? गिटार पहिल्यांदाच घरी नेऊन कुलूपवाल्यानं बायकोला रिफच्या दोन्ही तऱ्हा ऐकवल्या, आपली भरगच्च आणि दोन घाव गाळलेली. भरगच्च ऐकताना ती चादरीच्या घड्या घालत राहिली. मोकळ्या जागेशी तिचा हात थांबला.

"ही चांगली आहे," ती म्हणाली. "अहो, खरं सांगा, ही कुणी केली?"

"मीच!"

"तुम्ही? आणि मध्ये गप्प बसलात?"

त्याला फार लागलं ते. पण रविवारी त्यानं दोन घाव गाळूनच वाजवलं. आधी धुगधुग, मग तळवा तारांवर गच्च, आणि त्या रिकाम्या जागेत गोदामातले टायरसुद्धा कान देऊन आहेत असं वाटावं. टायरवाल्यानं काड्या खाली ठेवल्या. "उभी राहिली," एवढंच बोलला.

चष्मेवाला स्वतःची रिफ न ऐकवताच मान डोलवत राहिला. इतक्या सहज? कुलूपवाल्यानं त्याचा चेहरा नीट निरखला, काही सापडलं नाही.

सभागृहात गाणं झालं, शिट्ट्या पडल्या. खाली उतरल्यावर एक अनोळखी गिटारवाला जवळ आला, "दादा, तारा कशा लावल्यात हो?"

कुलूपवाल्यानं आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग चष्मेवाल्याकडं बोट केलं. "त्याला विचारा. त्याच्याकडं आहे ते."

चष्मेवाला एकेक तार समजावून सांगायला लागला. कुलूपवाला बाजूला वायर गुंडाळत उभा राहिला, कान तिकडंच लावून, हा नेमकं सांगतोय का काही मागं ठेवतोय ते ऐकत.