बंद पंखा

घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी पंखा लावत नाहीत. केसाएवढी स्प्रिंग उडाली की लाद्यांवर रांगत शोधावी लागते. वहिनींनी तीस वर्षं बिनपंख्याची काढली. दुकान नवऱ्याचं, तो गेल्यावर टेबल त्यांचं झालं आणि काउंटर धाकट्या दिरांचं.

पाळी थांबली आणि आतच भट्टी पेटली. दिवसातून दहा वेळा छातीतून आग वर चढायची, डोळ्यावरचं भिंग ओलं व्हायचं. दुरुस्त केलेली दोन लेडीज घड्याळं परत आली. आत गंज.

"घामात मीठ असतं, वहिनी," दीर म्हणाले. "बारीक काम बाहेर देऊ. तुम्ही पट्टे बदला."

"पट्ट्यांना तुम्ही आहात की, भाऊजी. तेवढं जमतं तुम्हाला."

बोलून तर गेल्या, पण दुपारीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसल्या. पायात पूर्वी रक्ताची गाठ झालेली, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या बाद.

"मेंदूत शरीराचं तापमान राखणाऱ्या पेशी असतात," बाई म्हणाल्या. "एक बारीकसं रसायन त्यांना निरोप देतं. निरोप घेणारी जागा पेशीवरच असते, तिला ग्राही म्हणतात. हार्मोन होतं तोवर त्या निरोपांवर वचक होता."

"म्हणजे स्प्रिंग ठीक, लगाम सुटला."

"अगदी. ही नवी गोळी ग्राहीच अडवते. निरोप येतो, पण घ्यायला कुणी नाही. मात्र यकृताची तपासणी दर महिन्याला."

पंधरा दिवसांत आग दिवसातून दोनदाच यायला लागली. लेडीज घड्याळं परत टेबलावर आली. तिसऱ्या महिन्यात बाईंचा फोन आला. "यकृताचे आकडे चौपट झालेत. गोळी आजपासून बंद."

पाकिटात सहा गोळ्या उरल्या होत्या. एक तळहातावर घेऊन वहिनी बराच वेळ बसल्या. कोणाला कळणार होतं? मग त्यांनी सगळं पाकीट मोडक्या काट्यांच्या डब्यात टाकलं.

चौथ्या दिवशी एका लेडीज घड्याळाची स्प्रिंग बसवून झाली होती, चिमट्यात चाक होतं आणि आग चढली. थेंब चाकाच्या शेजारीच पडला. वहिनींनी चाक जागेवर ठेवलं, घड्याळावर काचेचं झाकण घातलं, उठल्या आणि पंखा लावला.

"अहो वहिनी! पंखा!"

"राहू दे. भिंतीवरची मोठी घड्याळं द्या इकडे. त्यांचं काही उडत नाही."

"आणि हे?" दिरांनी काचेखालच्या घड्याळाकडे बोट केलं.

"बाहेर द्या." त्यांनी पदरानं मान पुसली. "पण स्प्रिंग मी बसवलीये. तिला हात लावू नका म्हणावं."