शांततेत कोणीतरी खात होतं

डिसेंबर १९९९ मध्ये दुबईत, रास अल खोरमधल्या एका गोदामाखालच्या खोलीत आम्ही तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड केली. टेपवर त्या तीस सेकंदांत कोणीतरी खात आहे.

मी बारा वर्षं वृत्तपत्रात काढली. भुताखेतांची पत्रं यायची, ती सरळ टोपलीत टाकायचो. हेही टाकलं असतं... पण टेप माझ्याकडे आहे.

तेव्हा मी डॉक्युमेंटरी करत होतो. नवं साल लागताच जगभरचे कॉम्प्युटर बंद पडतील, वीज-पाणी जाईल, या भीतीने काही लोक जमिनीखाली निवारे बांधत होते. त्यांतले एक प्रधान. मूळचे पुण्याचे, मशीनच्या सुट्या भागांचे व्यापारी. गोदामाची फरशी फोडून त्यांनी खाली खोली केली होती — तीन पलंग, छतापर्यंत ट्यूना आणि छोल्यांचे डबे, कोपऱ्यात झाकणाची बादली. खाडी जवळ, त्यामुळे भिंती पाझरत. हात लावला की बुळबुळीत थर बोटांना चिकटे.

आमचे साउंड रेकॉर्डिस्ट सलीमभाई रत्नागिरीचे. त्यांनी विचारलं, "साहेब, वेळ आली तर वरच्या तुमच्या कामगारांचं काय?"

"हबीबी, तीन माणसांचं आहे. मी, बायको, मुलगी. खलास!" प्रधान हसले. "ती माणसं कुठेही ॲडजस्ट होतात. खाली यायला लागलीच, तर दाराला आतून कडी आहे."

ते हसणं मी कॅमेऱ्यात घेतलं.

बारा वर्षांची रिया नाक दाबून जिन्यातच थांबली होती. "बाबा, आय ॲम नॉट स्लीपिंग हिअर. इट स्मेल्स लाइक समवन्स माउथ."

"नाटकं पुरेत. एकतीसला तिघांनी इथेच झोपायचं."

प्रधानांची बायको, वहिनी, डब्यांवरच्या तारखा बघत होत्या.

शूटिंग संपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि सलीमभाईंनी त्या जागेचा नुसता आवाज टेपवर घ्यायचा, ही आमची पद्धत. एडिटिंगला तो लागतो. सलीमभाईंनी बोट वर केलं. दहा सेकंदांत ओरडले, "कोण खातंय? तोंड मिटा की!"

कोणीच खात नव्हतं. त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. चपचप... लाळेचा ओला आवाज, मग गिळल्याचा. हेडफोन काढले की काही नाही. केबल बदलून पुन्हा तीस सेकंद घेतले. तेच.

"साहेब, पोरीला इथे झोपवू नका," सलीमभाई म्हणाले.

"तुमचं मशीन खराब आहे."

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या — "मी आणि रिया घरीच राहू. तुम्हाला जायचं तर जा."

एकतीसला प्रधान एकटे गेले.

एक जानेवारीला दिवे चालू होते, कॉम्प्युटरही. सकाळी दहाला प्रधान वर आले. रात्रभर कडी आतून लावलेली होती. काही खाल्लं नाही, म्हणाले. आम्ही कॅमेरा घेऊन खाली उतरलो. समोरच्या फळीवरचे चार डबे मला हलके लागले. सील शाबूत होतं. मी स्वतः फोडले. आत काही नव्हतं. पत्रा चाटून काढल्यासारखा, ओला.

पुन्हा तीस सेकंद घेतले. या वेळी टेपवर फक्त पाणी ठिबकतंय.

शेवटची मुलाखत दुपारी, ऊद मेथातल्या त्यांच्या फ्लॅटवर झाली. रस्त्याचा आवाज नको म्हणून रियाच्या खोलीत बसलो. तिघं पलंगावर, समोर आम्ही. सलीमभाईंनी बोट वर केलं.

पुढे मी या टेप दोन साउंड इंजिनिअरना ऐकवल्या. दोघांनाही कारण सांगता आलं नाही.

रियाच्या खोलीतल्या त्या तीस सेकंदांत कॅमेरा चालू होता. चित्रात तिघांचीही तोंडं मिटलेली आहेत. चपचप पहिल्या सेकंदापासून आहे.