पळसाच्या माणसाचा चेहरा

राजवाड्याचा पडदा सुटला की अमरावतीचं थिएटर पहिली टाळी पडद्याला द्यायचं, दुसरी मला. मी राजकन्या होऊन उभा असे, गळ्यात काचमण्यांची माळ, तरी त्या टाळीचा मला कधी हेवा वाटला नाही. पडद्यावरच्या त्या जिन्याकडे पाहिलं की मलाही वाटे, आता यावरून कुणीतरी खाली उतरणार.

उतरत कुणीच नसे. पडदे रंगवणारे खुशालराव राजवाडा काढत, जंगल काढत, कारंजं काढत. माणूस काढत नसत. "पडद्यावर माणूस काढला का तो तिथंच राह्यते," ते म्हणत. "नाटक सरलं तरी जात नाई." आम्ही हसायचो. ते हसत नसत.

आमची नाटक मंडळी अकोल्यात कर्जात बुडाली. मी नोकरी धरून अमरावतीला परतलो. खुशालराव तिथंच, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहिले आणि ओमप्रकाशशेठच्या प्रेसमध्ये लागले. तिथं रुई दाबून गाठी बांधत, गाठींवर तरट चढवत आणि तरटावर मार्का घालत. बाकीचे प्रेसवाले पत्र्याचा साचा ठेवून काळी शाई फासायचे. खुशालराव ब्रशनं अक्षरं काढत, नाटकाच्या जाहिरातीसारखी, मागं सावली देऊन. पुढं अगदी साठ सालानंतरही, डोळे जाईपर्यंत, त्यांनी हेच काम केलं.

ते दिवस अकोल्याच्या भरभराटीचे होते. स्वराज्य आलं होतं, देशाला बाहेरून यंत्रं आणायची होती आणि यंत्रांसाठी परदेशी चलन हवं होतं. आमचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला बाहेरचे व्यापारी अमरावतीच्या जुन्या 'उमरावती' या नावावरून 'उमरा' म्हणत, तो पुन्हा बोटीवर चढू लागला. सगळ्यात जास्त ओढ होती जपानची. लढाई संपली, तह झाला, कालचा शत्रू गिऱ्हाईक झाला. शेठनं मोटार घेतली. टिळक रोडवर रंगीत दिवे लागले. आणि खुशालराव रोज दुपारी, पांढऱ्या धुरळ्यात उभे राहून, गाठीगाठीवर कोबे बंदराचं नाव लिहू लागले.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत पलटणीत गेला होता. सिंगापूर जपान्यांनी घेतलं तेव्हा तो तिथं होता. पुढं काहीच कळलं नाही. जिवंत असल्याचं नाही, मेल्याचंही नाही. घरात सून सिंधू होती. लग्न होऊन वर्ष भरायच्या आत नवरा लढाईवर गेला, आणि त्याची खबर थांबल्यापासून ती रोज सकाळी कुंकू लावताना क्षणभर थांबायची. लावू की नको, असं.

चोपन्न सालच्या माघात बारा वर्षं झाली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याला गेला असं धरून पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, ही आपली जुनी रीत. नातेवाईक मागं लागले. उद्धवशास्त्र्यांनी दिवस काढून दिला. खुशालरावांनी पानं आणली, काड्यांचे हातपाय बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला.

इथं त्यांच्या हातून चूक झाली. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी चूक. कोरा नारळ त्यांना पाहवेना. त्यांनी नारळ तासून गुळगुळीत केला, त्यावर खडूचा थर दिला आणि चेहरा काढला.

विधीच्या सकाळी मी बसनं अकोल्याला पोचलो. पुतळा चटईवर होता, गळ्यापर्यंत पांढरं धोतर. मी वसंताला कडेवर घेऊन नाचवलेला माणूस. दारातच माझे पाय थबकले. सरळ समोर पाहणारे डोळे काढले की ते पाहणाऱ्याच्या मागं फिरतात, ही युक्ती रंगभूमीवरच्या कुणालाही ठाऊक असते. मलाही होती. तरी मी जागा बदलून पाहिली. मग पुन्हा बदलली.

उद्धवशास्त्री मात्र संतापले. "खुशालराव, हे काय करून ठेवलंत? डोळे उघडून पाहणाऱ्याला अग्नी द्यायचा? पुसा ते."

खुशालरावांनी ओलं फडकं घेतलं. हात पुढं जाईना.

"पुसू नका मामाजी," आतून सिंधू म्हणाली. "ते पाहून राह्यले. जित्या मानसाले जाळता काय?"

"बाई, तो नारळ आहे," शास्त्री म्हणाले.

"मंग भुवईवर वण कुठून आला? ह्यायले वण नव्हताच."

मी वाकून पाहिलं. डाव्या भुवईवर तिरपी, फिकट रेघ होती. खुशालराव खाली मान घालून म्हणाले, "म्या नाई काढली. पुसली, पुन्हा रंग देल्ला, पुन्हा आली. ब्रश आपल्या मनानं गेला."

त्या दिवशी विधी झाला नाही. सिंधूनं पुतळ्यासमोर भाकरीचं ताट ठेवलं. शेजारच्या पार्बताबाई ताक घेऊन आल्या, दारातून आत पाहिलं आणि तांब्या उंबऱ्यावरच ठेवून गेल्या. मी राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. भर दुपारी गल्ली सुनसान व्हायची आणि त्या खोलीत आम्ही तिघं बोलायचो ते हळू आवाजात, कुणीतरी झोपलंय असं.

तिसऱ्या दुपारी दारात शेठची मोटार उभी राहिली.

जपानहून किताजिमा नावाचे खरेदीदार आले होते. अख्ख्या हंगामाचा सौदा ठरत होता. गाठींवरची अक्षरं पाहून त्यांनी हट्ट धरला होता, हे लिहिणाऱ्याला भेटायचंय. बरोबर इंग्रजी जाणणारे प्रेसचे मॅनेजर कमलाकांत होते.

"खुशालराव, भाग खुल गये!" शेठ बाहेरूनच ओरडले. "साहेब खुद आले तुमच्या घरी!"

खुशालराव उठले. बारा वर्षं ज्या देशाला विचारायचं होतं, तो देश दारात बूट काढत होता. ठेंगणा, पन्नाशीचा, घामानं डबडबलेला माणूस. त्यानं हसत आत पाऊल टाकलं आणि त्याची नजर चटईवर गेली.

हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. तो गुडघ्यांवर बसला. कपाळ जमिनीला टेकवून त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मग मोडक्या इंग्रजीत कमलाकांतांना सांगू लागला. कमलाकांतांचा चेहरा उतरला.

"काय म्हंते तो?" खुशालरावांनी विचारलं.

"काही नाही. ऊन बाधलंय त्यांना. पाणी आणा."

सिंधू दारात आली. "ऊन लागलेला मानूस असा पाया पडत नाई, भाऊसाहेब. खरं सांगा."

शेठनं काहीतरी ओळखलं. "जाने दो, कमलाकांत. गाडी काढायला सांग."

"शेठजी, तुमचा सौदा उद्या होईन," सिंधू म्हणाली. "माह्या कुंकवाचं आज होऊ द्या."

कमलाकांतांनी घसा खाकरला. "ते म्हणतात, या माणसाच्या भुवईवरचा घाव माझा आहे. बंदुकीच्या दस्त्याचा."

बाहेर मोटारीच्या ड्रायव्हरनं हॉर्न पुसता पुसता वाजवला. आम्ही सगळे दचकलो.

किताजिमा सांगत होते, कमलाकांत एकेक वाक्य मराठीत ठेवत होते. दक्षिणेच्या समुद्रातलं एक बेट. कैद्यांकडून धावपट्टी करून घेत. हा कैदी काम करताना गुणगुणायचा. मनाई होती. एकदा मारलं. तो पुन्हा गुणगुणू लागला.

"नाटकातलं असन," खुशालराव माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"जिते हायत का?" सिंधूनं विचारलं.

कमलाकांतांनी विचारलं. किताजिमांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, आणि मान हलवली. ताप आला होता. औषध नव्हतं. याच हातांनी माती दिली.

मला वाटलं, आता ती किंचाळेल. रंगभूमीवर मी तिथं किंचाळलो असतो. सिंधूनं विचारलं, "डोकं कोण्या दिशेले होतं?"

किताजिमांनी डोळे मिटून आठवलं. समुद्राकडे. संध्याकाळी तिथं सूर्य बुडायचा.

तिनं त्या दिवशीचं फडकं पुन्हा भिजवून घेतलं आणि पुतळ्याजवळ बसून चेहरा पुसायला लागली. डोळे गेले, मिशी गेली, ओठ गेले. खडूसुद्धा निघाला. नारळाच्या कवटीवर ती तिरपी रेघ तेवढी राहिली. पिळून पिळून पुसलं, गेली नाही. शास्त्री नंतर म्हणाले, नारळ तडकला असेल. असेलही.

शास्त्र्यांना बोलावून त्याच दुपारी मोर्णेकाठी गेलो. पुतळा ठेवताना शास्त्री म्हणाले, "डोकं दक्षिणेला."

"तिथं पश्चिमेले होतं," सिंधू म्हणाली.

"शास्त्रात..."

"शास्त्रीबुवा, तिचा नवरा हाय," खुशालराव म्हणाले. शास्त्र्यांनी स्वतःच पुतळा फिरवला. डोकं पश्चिमेला केलं.

शेठ मोटारीतच बसले होते. किताजिमा लांब, अनवाणी, तापलेल्या वाळूत उभे होते. खुशालरावांनी पेटती चूड हातात घेतली आणि थांबले. मान न वळवता म्हणाले, "त्याले बलावा. माती त्यानं देल्ली, आता लाकूड बी देऊ दे."

किताजिमा आले. लाकूड ठेवलं, खुशालरावांनी चूड लावली. पानंच ती, भडकन पेटली आणि बसली. नदीत नावालाच पाणी होतं. सिंधूनं ओंजळ भरून कपाळ धुतलं. मी तोंड फिरवलं.

राखेसमोर वाकून किताजिमा बोलत होते, भराभर, मध्येच थांबत, जणू उत्तर ऐकत आणि पुन्हा सुरू करत. कमलाकांत भाषांतर करायला पुढं झाले. सिंधूनं हातानं त्यांना अडवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते आपल्याले नाई सांगून राह्यले."