शिवाप्पाची पिकदाणी

शिवाप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहात बटर बुडवत होतो. ते संपवूनच उठलो. माझी लायकी कळायला एवढं पुरे... पण मातीला आलेले बाकीचे तरी कुठले माझ्याहून बरे होते? आमच्या समाजाच्या बोर्डिंगचे अध्यक्ष तोंडात वेलदोडा धरून उभे. आदल्या संध्याकाळच्या बैठकीचा वास त्या वेलदोड्याला झाकवत नव्हता. पुढं शोकसभेत याच गृहस्थांनी शिवाप्पाला 'रसिक' म्हटलं.

शिवाप्पा मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी, माझा शाळेपासूनचा मित्र. ढेपेचा कण जिभेवर ठेवून माल कसला हे सांगायचा आणि लगेच थुंकायचा, कारण दिवसभर ढेपाच बघायच्या असत. एकदा लग्नाला नाशिकला गेला आणि तिथल्या वाइनच्या कारखान्यात त्यानं पाहिलं, की वाइन पारखणारेही थुंकतात. झालं. येताना तांबड्या वाइनच्या चार बाटल्या घेऊन आला आणि आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावरून खाली काढली. दारू घशाखाली उतरणार नाही, असा शब्द त्यानं आईला दिला होता. ती एक थेंबही उतरली नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण दर रविवारी दुपारी समोर मीच बसलेला असायचो.

मी आपला गटकन पिऊन मोकळा. पहिल्याच दिवशी मी बर्फ मागितला, वर फरसाण. भेसळीचा गूळ बघावा तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मल्ल्या, तोंडात धर की जरा. तू पितोस. मी चव बघतोय."

मग डोळे मिटून सांगायचा... आधी जांभळाचा तुरटपणा, मग मिरी, आणि तळाशी गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. मला काहीएक लागायचं नाही. मी मान डोलवायचो, मनात त्याला ढोंगी म्हणायचो आणि पेला पुढं करायचो.

बोर्डिंगचा कारभार त्याच्याकडं होता. त्याच्या घरामागं रिकाम्या बाटल्या दिसल्या आणि विश्वस्तांची सभा भरली. दारुड्याच्या हातात पोरं ठेवायची न्हाईत, असं अध्यक्ष म्हणाले. त्या खोलीत रोज पिणारे चार जण होते आणि न पिणारा एकच, तो आरोपी. शिवाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी बोललो असतो तर 'तुला कसं ठाऊक?' असं कुणीतरी विचारलं असतं, आणि माझी रविवारची दुपार उघडी पडली असती. मी बशीतल्या बिस्किटाकडं बघत राहिलो. "बरं हाय," एवढं म्हणून त्यानं राजीनाम्यावर सही केली.

पुढच्या रविवारी त्यानं बोलावलं, आणि मी निर्लज्जासारखा गेलो. त्यानं माझा पेला भरला. सभेचा विषय त्यानं कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शिवाप्पा गेल्यावर महिन्याभरानं वहिनींनी, त्याच्या बायकोनं, पिकदाणी घासून, लख्ख करून माझ्यापुढं ठेवली. "तुमीच न्या. ते थुंकायचे, गिळायचे न्हाईत, हे तुमालाच तेवढं ठावं हाय."

ती आता माझ्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात आहे. रविवारी दुपारी नजर तिकडंच जाते. गेल्या आठवड्यात अध्यक्ष चहाला आले, तेव्हा त्यांनी ती उचलून पाहिली.

"झकास हाय की. कुणाची वो?"

"आमच्या आज्याची," मी म्हणालो. "पान खायचे ते."