सुजाताच्या कवितेतला डबा

मंडळी, आज दुपारी आपल्या ऑनलाइन भीमजयंतीत मी सुजाताच्या कवितांवर बोलले. ही माझी इथली, हॉलंडमधल्या डेल्फ्टची मैत्रीण. राजकारण, धम्म, घरातली ओढाताण, सगळ्यावर लिहिते.

एका कवितेत एक बाई उंबऱ्यावर डबा ठेवते आणि मागे सरकते. मी लगेच सुरू झाले. हे लांबून वाढणं म्हणजे शिवाशिव, पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान, वगैरे.

सुजातानं शांतपणे माइक सुरू केला. "अगं, ती बाई तू आहेस. मला कोरोना झाला तेव्हा सायकलवरून वरणभात कोणी आणला होता?"

सगळे हसले. मी कॅमेरा बंद करायच्या बेतात होते.

"पण तू चुकली नाहीस," ती म्हणाली. "तू मागे सरकलीस तेव्हा मला आईच आठवली. तिला गावातले लोक असंच लांबून वाढायचे आणि दार लावून घ्यायचे. तू मात्र माझं जेवण होईपर्यंत खाली थंडीत उभी होतीस, खिडकीकडे बघत."

कवितेची शेवटची ओळ आहे, 'आणि ती गेली नाही.' बोलण्याच्या नादात मी ती वाचलीच नव्हती.

लॉकडाउनमध्ये तुमच्या खिडकीखाली कोण थांबलं होतं?