निळ्या दाराची खोली

३ मार्च २०२५ रोजी वाशीच्या एका दुकानातून दिपेशने कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचं कोटेशन आणलं. रक्कम बावन्न हजार तीनशे चाळीस रुपये. कागद माझ्या टेबलावर ठेवून तो उभाच राहिला.

"साहेब, घेऊ का?"

दिपेश एपीएमसीच्या दाणा बाजारात आमच्या पेढीवर बिलं करतो. मी तिथला हिशेबनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. छत्तीस वर्षांचा हा माणूस घरी कॉम्प्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळतो, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

"आहे त्या कार्डाला काय झालं?" मी विचारलं.

तेव्हा कळलं की खेळ त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडले होते. त्याच कॉम्प्युटरवर तो आपलं गाव बांधत होता. खरं गाव विमानतळात गेलं. घरं पाडली, टेकडी सपाट केली, वर धावपट्टी आली. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढचं सगळं एका घरातलं आहे. जुने फोटो आणि आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट यांवरून दिपेशने एकेक भिंत उभी केली होती. खेळात चालतात तसं त्या गावातून चालता येत असे.

"बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, अजून चार-सहा महिनेच दिसेल. छोट्या स्क्रीनवर त्यांना काहीच दिसत नाही. मोठ्या टीव्हीला जोडलं की जुन्या कार्डाला झेपत नाही. चित्र अडकतं, भिंती उशिरा येतात. घरामागचं परसू तर मी बंदच ठेवलंय, नाहीतर सगळंच थांबतं."

"आणि दिसल्यावर काय होणार?"

"एकदा त्यांनी म्हणायला पाहिजे, साहेब. की हे माझं घर."

खर्च ठरवायचा तर वस्तू आधी पाहावी, म्हणून त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर दिपेशच्या वडिलांनी, गोटीरामने, तीन मजली इमारत बांधली आहे. दोन मजले भाड्याने दिलेले, मधल्यावर हे लोक राहतात. तळाशी जिन्याखालच्या खोलीत काशी राहते. ती गोटीरामच्या धाकट्या भावाची बायको. नवरा गेलेला, मूल नाही. सुकी मासळी विकते.

आम्ही आत गेलो तसा गोटीराम खुर्चीतूनच म्हणाला, "आला कं इकनारा? बरोबर कोन हाय? आता काय इकतंस?"

दिपेशने चपला काढल्या. अकरा वर्षांपूर्वी विमानतळाला जमीन देण्याच्या संमतीचा कागद त्याने घरी आणला आणि बापाची सही घेतली. प्लॉट बापाच्या नावावर झाला, भाडी बाप घेतो, पण गाव विकलं ते दिपेशने, असं गोटीराम येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

चहा घेऊन दिपेशची बायको निशिगंधा आली. ती सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असते.

"काका, तुम्हीच सांगा ह्यांना. दोन महिने फ्रीज बंद आहे. दूध रोज शेजारणीकडे ठेवते मी. आणि हे बावन्न हजारांचं गाव आणतायत. विचारा, त्या गावात फ्रीज आहे का?"

"लाईट आहे," दिपेश म्हणाला.

"मग तिकडेच जाऊन राहा."

दिपेशने टीव्ही लावला. रस्ता आला, थांबला, पुन्हा आला. चिंच अर्धीच उभी राहिली. गोटीराम टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून बघत होता.

"यो काय? धूर दावतंस मना?"

"बाबा, नवीन कार्ड आल्यावर..."

"तुना गाव इकता आला. बांधाय कं येनार हाय?"

निशिगंधा हसली. मीही थोडा हसलो असेन. जिना उतरताना मी दिपेशला स्पष्ट सांगितलं, "घेऊ नकोस. कोणी 'माझं घर' म्हणावं म्हणून पन्नास हजार घालवायचे नसतात."

"बरं, साहेब." त्याचं तोंड उतरलं.

काशी तळाच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं.

"दिप्या, नवीन घेतलास तर परसू दिसंल?"

"दिसेल, काकी. सगळं दिसेल."

"पैसं किती कमी परतान?"

त्याच्याकडे पन्नास हजार होते. वरचे दोन हजार तीनशे चाळीस नव्हते. काशी आत गेली आणि पिठाच्या डब्यातून पिशवी घेऊन आली. मीच मोजून दिले. नोटांना सुकटीचा वास होता.

"पगार झाला की देतो, काकी," दिपेश म्हणाला.

परसू तिला कशाला हवं होतं, ते दिपेशने मला रिक्षा थांब्यापर्यंत चालताना सांगितलं. दोघा भावांच्या परसवांमध्ये एक विहीर होती. विहिरीच्या अलीकडे गोटीराम, पलीकडे काशीचा नवरा. विहिरीजवळ विटांची एक खोली होती, जाळी आणि होडीचं सामान ठेवायची. विमानतळासाठी मोजणी झाली तेव्हा काशी हॉस्पिटलात नवऱ्याच्या उशाशी होती. गोटीरामने खोली आपल्या नावावर लावली आणि तेवढ्या मापाने त्याचा प्लॉट वाढला. काशी म्हणायची, खोली पलीकडची. गोटीराम म्हणायचा, अलीकडची. मग गावच गेलं. गोटीरामने तिला जिन्याखाली जागा दिली आणि बजावलं की तोंड उघडलं तर तीही जाईल. ती तेव्हापासून गप्प होती.

"तू ती खोली कुठे दाखवली आहेस?" मी विचारलं.

"कॅसेटमध्ये दिसते तिथेच. दुसरीकडे कशी दाखवणार?"

माणूस बिलातसुद्धा असाच आहे. अर्ध्या किलोचा फरक असला तरी गाडी परत वजनकाट्यावर नेतो.

२० एप्रिलला, रविवारी सकाळी, त्याने मला बोलावलं. कार्ड बसलं होतं. काशी चांगलं लुगडं नेसून दाराशी जमिनीवर बसली होती. खुर्ची तिला कोणी दिली नाही.

या वेळी रस्ता थांबला नाही. चिंच आली, पानांसकट. देऊळ आलं. गोटीराम पुढे सरकला. नाक टीव्हीला लागेल इतका.

"यो शेजारच्या बालाचा ओटा... ही गावाची पान्याची बावरी." त्याचा आवाज बदलला होता. "चल फुरं."

दिपेश घरासमोर येऊन थांबला. पडवी, खांब, पडवीतला झोपाळा. बापाकडे बघत तो वाट पाहू लागला. गोटीरामचे ओठ हलले, आणि तेवढ्यात काशी म्हणाली,

"आता मागं चल, दिप्या. परसवान."

मला त्याला थांबवता आलं असतं. पण इतकं अचूक केलेलं काम दाखवायला तो उतावीळ झाला होता. तो घराला वळसा घालून मागे गेला. अळूचा वाफा, धुण्याचा दगड, विहीर.

"व्हीर आली," काशी म्हणाली. "आता पावलां मोज. मोठ्यानं."

"एक, दोन, तीन..." विहीर मागे पडली. दिपेश बिल वाचावं तसा मोजत होता. अकराव्या पावलाला खोली आली. विटांच्या भिंती, पत्रा, निळं दार.

काशी उठून उभी राहिली. "व्होरीचा उरलेला रंग हाय त्यो. ह्यांनी लावलेला. भावजी, बगा. व्हीर कंच्या अंगाला र्‍हायली?"

निशिगंधा कपबशा उचलायला लागली.

गोटीराम टीव्हीपासून मागे सरला. "यो माजा गाव नाय. यो माजा घर नाय. कनचा तरी सिनेमा लावलाय याने."

"बाबा, कॅसेटमध्ये..."

"तीन वर्सां बायकोच्या जिवावर खाल्लास आनि यो केलास? खोली अलीकरं घे. मंग सांगतो घर कोनाचा त्यो."

दिपेशचा हात माउसवर होता. त्याने आधी काकीकडे पाहिलं, मग बापाच्या डोळ्यांकडे. त्या डोळ्यांना तीन-चार महिने उरले होते. मग त्याने खोली पकडली आणि उचलली. निळ्या दारासकट ती विहिरीवरून या बाजूला आली आणि अळूच्या वाफ्यात बसली.

गोटीराम पुन्हा पुढे वाकला. निरखून पाहिलं.

"हां," तो म्हणाला. "आता हाय. यो माजा घर."

दिपेशला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. त्याने मान वर केली नाही.

काशी माझ्याकडे वळली. "साहेब, तुमी शिकलेले हाव. तुमी बगितलाव ना, आदी कंय व्हती ती?"

मी म्हणालो, "काशीबाई, हा कॉम्प्युटरचा खेळ आहे. याला पुरावा म्हणत नाहीत."

मी बोललो ते नियमाला धरून होतं. ती जिना उतरून गेली. प्रत्येक पायरीवर तिचा हात कठड्यावर आपटल्याचा आवाज येत होता.

"म्हातारीला बरा करंट बसला," गोटीराम म्हणाला, आणि सुनेकडे दुसरा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी दिपेशने मला सांगितलं की खोली त्याने परत पलीकडे नेऊन ठेवली. मी विचारलं, बापाला दाखवलीस? नाही म्हणाला. काकीला? तो पुढची पावती लिहायला लागला.

जूनपासून गोटीराम काशीकडून जिन्याखालच्या खोलीचं भाडं घेतो. ऑगस्टमध्ये त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं. आल्यागेल्याला तो अजूनही मुलाची ओळख तशीच करून देतो, गाव विकणारा म्हणून. फ्रीज निशिगंधाने स्वतःच्या पगारातून हप्त्यावर घेतला. कॉम्प्युटरवर तिने कापड टाकलं आहे. दिपेश ते काढत नाही.

काशी वर येत नाही, आणि दिपेश तिच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावतो. एप्रिलपासून त्याचे सहा पगार झाले. काशीचे दोन हजार तीनशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.